जुन्या डर्ट बाइकचा मागचा शॉक: रिबिल्ड, दुसरा जुना की सरळ नवा?

शॉकमधून तेल आलं की सल्ले दोनच मिळतात, एक म्हणतो सील बदल, तासाभराचं काम आहे, दुसरा म्हणतो कशाला त्या भंगाराच्या मागे लागतोस, नवा टाक. दोघांनीही रॉड, म्हणजे शॉकमध्ये आत-बाहेर सरकणारी दांडी, बघितलेला नसतो. तुम्ही आधी तो बघा. स्प्रिंग काढा, बंप स्टॉप (रॉडवरचा रबर) वर सरकवा, रॉड स्वच्छ पुसा आणि त्यावरून नख वरपासून खालपर्यंत सावकाश ओढत न्या. नुसता काळपट डाग असेल आणि नखाला काहीच लागत नसेल तर ठीक आहे. पण टाचणीच्या टोकाएवढा जरी खड्डा नखाला लागला तरी तो नव्या सीलची धार खाणार, आणि चार राइडमध्ये तुम्ही परत तिथेच.

दुसरा प्रश्न, गाडी ट्विन शॉकची (दोन बाजूंना दोन) आहे का मोनोची (मधे एकच), कारण इथेच अर्धा निर्णय होतो. 1975 मध्ये यामाहाने वायझेड या मोटोक्रॉस गाडीला टाकीखाली आडवा मोनोशॉक दिला, मग कावासाकीचं युनि-ट्रॅक आलं आणि 1981 ला होंडाचं प्रो-लिंक, सुझुकीचं फुल फ्लोटर, म्हणजे लिंकेजचा, शॉक आणि चाकाच्या मधल्या जोडदांड्यांचा जमाना. ट्विन शॉकला वर एक आय (बोल्ट जातो ते भोक), खाली एक आय, लांबी, स्ट्रोक आणि बुशची रुंदी जुळली की बसला, त्यामुळे हॅगन, वायएसएस, ओहलिन्स असे बरेच जण आजही नवे बनवतात. लिंकेजवाल्या मोनोचं तसं नाही, क्लेव्हिस (टोकाचा दुफाट्याचा जोड) वेगळा, रिझर्व्हॉयरची (तेल-गॅसच्या डबीची) जागा वेगळी, लिंकेजचा रेशो वेगळा, म्हणून नवा मिळाला तर नशीब. माझं मत स्पष्टच सांगतो, ट्विन शॉक असेल आणि गाडी पळवायची असेल तर नवी जोडी घ्या, लिंकेजवाला मोनो असेल तर रिबिल्डच्या मागे लागा. ट्विनमध्ये तर कंपनीचे बरेच शॉक वरून दाबून कायमचे बंद केलेले असतात, ते उघडायला लेथवर कापायचे, मग आटे पाडून नवीन कॅप बसवायची, एवढा खटाटोप फक्त गाडी अगदी मूळ रूपात हवी असेल तरच करावा.

आता रिबिल्ड. ब्लॅडरवाला (आत गॅसची रबरी पिशवी असलेला) शॉक असेल तर उघडायच्या आधीच एक गोष्ट कळते, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला करून धरा, डोळ्यावर गॉगल, वर फडकं, आणि पिन हळूच दाबा. नुसता गॅस फुस्स करून गेला तर ब्लॅडर बहुतेक शाबूत आहे, गॅसबरोबर तेलाचे शिंतोडे आले तर फाटलाय. आणि गॅस पूर्ण काढल्याशिवाय सर्कलिपला (कॅप अडकवून ठेवणाऱ्या रिंगला) हात लावायचा नाही, साधारण 10 बार प्रेशर असतं आत, कॅप थेट तोंडावर येते. आतलं तेल करड्या चिखलासारखं आणि चमचमणारं निघालं तर ती ॲल्युमिनियमची पूड असते, मग बॉडीच्या आत बॅटरी मारून ओरखडे बघा, कारण बॉडी गेली तर सील किट आणून उपयोग नाही.

पार्ट मागवताना मॉडेलचं नाव आणि साल सांगून मोकळं होऊ नका, हे मी स्वतः भोगलंय. एका विक्रेत्याने साल विचारलं, मी सांगितलं, सील हेड (सील बसवलेलं झाकण, ज्यातून रॉड जातो) आलं आणि रॉडवर गदागदा हलायला लागलं, रॉड 14 मिमीचा आणि आलेलं 16 चं, आधीच्या कोणा मालकाने पुढच्या सालाचा शॉक टाकला असणार, चूक अर्धी माझीच. म्हणून व्हर्नियर घ्या, रॉडचा व्यास, बॉडीचा आतला व्यास, ब्लॅडरचा व्यास आणि लांबी कागदावर लिहा आणि त्या मापाने शोधा. कायाबा आणि शोवा या शॉक बनवणाऱ्या कंपन्यांचा हा मोठा फायदा आहे, त्यांची काही मापं बऱ्याच गाड्यांत वर्षानुवर्षं तीच राहिली, त्यामुळे तुमच्या गाडीचा पार्ट बंद झाला तरी दुसऱ्याच गाडीचं सील हेड बसू शकतं. फक्त सील बदलून रॉडला आधार देणारा बुश तसाच ठेवू नका, ढिल्या बुशमध्ये रॉड डुलतो आणि नवं सील एका बाजूने झिजतं. रॉडला खड्डे असतील तर जुना क्रोम उतरवून परत हार्ड क्रोम आणि मग मापात ग्राइंडिंग करून मिळतं, मात्र शोभेचा चकचकीत क्रोम करणाऱ्याकडे देऊ नका, ते काम वेगळं. वाकलेला रॉड मात्र सोडून द्या.

घरी सगळं करावं का? उघडणं, धुणं, मोजणं घरी करा. नव्या तेलातली हवा काढणं आणि नायट्रोजन भरणं जाणकाराकडे द्या. कंप्रेसरची हवा नको, त्यात दमटपणा असतो, आणि ऑक्सिजन तर चुकूनही नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. तेलाच्या डब्यावरच्या 5डब्ल्यू या जाडीच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, दोन कंपन्यांची 5डब्ल्यू सारखी नसतात, 40 अंशाला किती सेंटिस्टोक (तेलाची जाडी मोजायचं एकक) ते बघा.

जुना दुसरा शॉक आणणं स्वस्त वाटतं, पण तोही तेवढ्याच वयाचा, सील तेवढंच कडक झालेलं. मी असा शॉक फक्त रॉड आणि बॉडीसाठी घेईन, लगेच चढवायला नाही. चढवायचाच असेल तर आय ते आय लांबी जपा, लिंकेजवर शॉकचा 1 मिमी म्हणजे चाकाला साधारण 3 मिमी, 5 मिमी लांब शॉक टाकला की मागची बाजू दीड सेंटीमीटर वर. बसवून स्प्रिंगशिवाय चाक वरपर्यंत उचला आणि टायर, एअरबॉक्स, रिझर्व्हॉयर कुठे घासतात का बघा.

नव्याचा खरा फायदा म्हणजे स्प्रिंग तुमच्या वजनाची मिळते, जुनी कोणाच्या वजनाची होती देव जाणे. जुन्या गाड्यांच्या रेसमध्ये उतरणार असाल तर आधी नियम वाचा, अमेरिकेतल्या एएचआरएमए या जुन्या गाड्यांच्या रेसिंग संघटनेच्या व्हिंटेज मोटोक्रॉसमध्ये मागचा ट्रॅव्हल (चाकाची वर-खाली हालचाल) 4 इंचांपर्यंतच चालतो, तिथे लांब शॉक टाकून काय करणार.

आणि हो, पैसे काढायच्या आधी गाडी स्टँडवर घ्या, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. टक टक आवाज आला तर ते लिंकेजचे किंवा स्विंगआर्मचे बेअरिंग आहेत, आणि ते तसेच ठेवून कुठलाही शॉक टाकला तरी मागचं चाक नाचणारच.