पोस्टाची आरडी : स्वतःच्या नावावरचा पैसा

इंदूरच्या मराठी घरांत गुंतवणुकीचा विषय निघाला की हल्ली एसआयपीचे, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याचे, नाव आधी येते आणि पोस्टाची आवर्ती ठेव, म्हणजे आपली नेहमीची आरडी, मागे पडते. निव्वळ परताव्याचा हिशेब केला तर ते योग्यही असेल. परंतु जिच्या हातात पैसा येतो पण नावावर राहत नाही, अशा स्त्रीच्या दृष्टीने पाहिले तर या योजनेची किंमत वेगळी ठरते, आणि हे परीक्षण मी त्याच दृष्टीने लिहीत आहे.

योजनेचे स्वरूप साधे आहे. दरमहा किमान १०० रुपये आणि त्यापुढे दहाच्या पटीत कितीही रक्कम भरता येते. मुदत ५ वर्षांची असते. ऑक्टोबर २०२३ पासून व्याजाचा दर ६.७ टक्के असून व्याज तिमाही चक्रवाढीने मिळते, आणि खाते उघडताना जो दर असेल तोच मुदतभर कायम राहतो. दरमहा ५०० रुपये भरले तर ३०,००० रुपयांचे सुमारे ३५,६८० रुपये होतात. बारा हप्ते नियमित भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही काढता येते.

रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकू साड्यांना फॉल-पिको करून देतात. त्यांची कमाई आजची नाही. पण ती रोख यायची, घरखर्चाच्या डब्यात पडायची आणि दूध, गॅस, नातवाची फी यांत संपून जायची. आरडी सुरू केल्यावर पहिल्यांदाच त्यांच्या कष्टांचा हिशेब त्यांच्या स्वतःच्या नावाच्या पासबुकात उतरू लागला. मुदत संपल्यावर त्यांनी सर्वांत आधी कवळी बसवून घेतली. तोवर कित्येक वर्षे त्या पोळी दुधात कुस्करून खात होत्या. मुलगा सज्जन आहे, आईने शब्द टाकला असता तर त्याने आनंदाने पैसे दिले असते, हे त्यांनाही ठाऊक होते. तरी तो शब्द टाकणे त्यांना जड जात होते. आर्थिक स्वातंत्र्य म्हटले की आपण जुलमी नवरा किंवा कंजूष सासू डोळ्यांसमोर आणतो. प्रेमळ घरातही मागावे लागणे माणसाला किती लहान करते, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही.

आपल्या इंदूरला ही गोष्ट परकी नसावी. १७३४ साली पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची, म्हणजे दौलतीच्या खजिन्यापासून वेगळी, त्यांच्या स्वतःच्या खर्चाची स्वतंत्र जहागीर करून दिली. ती पुढे अहिल्याबाईंकडे आली आणि देशभरातील त्यांचे घाट, देवळे व धर्मशाळा मुख्यतः याच खासगीच्या उत्पन्नातून उभ्या राहिल्या. कर्तृत्व त्यांचे होतेच, पण दौलतीच्या खजिन्याकडे हात न पसरता खर्च करण्याचा अधिकारही त्यांच्याजवळ होता, ही बाब मला तितकीच मोलाची वाटते.

या सेवेची दुसरी जमेची बाजू म्हणजे महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेतील एजंट. या बहुतेक आपल्याच वस्तीतल्या असतात, घरी येऊन हप्ता नेतात, आणि त्यांचे कमिशन सरकार देत असल्याने खातेदाराला वेगळे काही मोजावे लागत नाही. ज्यांना बाहेर पडणे अवघड आहे त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे, शिवाय त्या एजंटबाईलाही त्यातून स्वतःची मिळकत होते. हप्ता देताना एजंटने कार्डावर सही केली तरी तीच रक्कम पासबुकात चढली आहे का, हे अधूनमधून अवश्य पाहावे.

उणिवाही आहेत. तीन वर्षांच्या आत खाते बंद करता येत नाही, आणि त्यानंतर मुदतीपूर्वी बंद केले तर केवळ बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्क्यांनी, व्याज मिळते. हा नियम मला कठोर वाटतो, कारण ज्यांची कमाई अनियमित आहे त्यांनाच तो सर्वाधिक बोचतो. हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे दरमहा एक रुपया दंड पडतो, आणि चार हप्ते थकले तर खाते खंडित होते. काही बचत योजनांतील गुंतवणुकीवर आयकरात जी सवलत मिळते, ती या ठेवीला नाही. म्हणून ज्यांना नियमित पगार आहे आणि दीर्घ मुदतीत पैसा वाढवायचा आहे, त्यांनी केवळ आरडीवर विसंबून राहू नये.

खाते उघडताना मात्र एका गोष्टीचा आग्रह धरावा. अर्जात मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात सवयीने मुलाचा किंवा नवऱ्याचा क्रमांक लिहिला जातो, आणि मग प्रत्येक व्यवहाराचा संदेश त्यांच्या फोनवर जातो. ज्या बाईचे खाते, तिचाच क्रमांक तिथे असावा; तिच्याकडे फोन नसेल, तर पहिल्या काही महिन्यांच्या बचतीतून साधा फोन घ्यावा आणि मग पोस्टात जाऊन क्रमांक बदलून घ्यावा.