व्हॅनची हूक-अप केबल आणि आरसीसीबी पेटी: सात महिन्यांनंतर

मार्चमध्ये इंदूरच्या महाराणी रोडवरून, मुक्कामी व्हॅनला बाहेरच्या बोर्डावरून वीज घ्यायचा सेट घेतला. निळ्या तीन-पिनी प्लगची २५ मीटर रील, २.५ चौरस मिलिमीटरची केबल आणि व्हॅनमध्ये बसवायची पेटी. पेटीत आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळू लागला की स्वतः पडून वीज तोडणारा स्विच. एप्रिलमध्ये कुणी विचारलं असतं, तर डोळे मिटून घ्या म्हणालो असतो.

जुलैत मांडूला गेलो. होमस्टेच्या अंगणात पाऊस पडून गेलेला. आई अनवाणी उतरली, दाराच्या कडीला हात लावला आणि ओरडली, "अरे, झिणझिण्या येतायत, दाराला हात लावू नकोस!" ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी जागची हलली नाही. मी बोर्डाचा प्लग उपसला. नंतर परत जोडून टेस्टचं बटण दाबलं, तर ती टक्कन पडली.

परतल्यावर दुकानात दोन चकरा मारल्या, आवाज चढवला. पैसे परत मिळाले नाहीत. "बटण दाबल्यावर पडते ना, मग माल चोख आहे," एवढंच उत्तर.

मामा वीज मंडळातून निवृत्त झालेत. त्यांनी होमस्टेच्या बोर्डाचं वर्णन ऐकून विचारलं, "अर्थिंग होतं का?" नव्हतं. टेस्टचं बटण पेटीच्या आतच फेज-न्यूट्रलमध्ये थोडा करंट सोडतं, त्याला अर्थिंग लागत नाही. म्हणजे आरसीसीबी चालते एवढंच त्यातून कळतं. व्हॅनच्या बॅटरी चार्जरच्या फिल्टरमधले कपॅसिटर मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की टायरांवर उभ्या व्हॅनच्या पत्र्यावर २३० चं साधारण निम्मं व्होल्टेज चढतं. करंट इतका कमी की आरसीसीबी पडत नाही. पण उद्या फेजची वायर पत्र्याला टेकली, तर आरसीसीबी पडायला कुणाच्या तरी अंगातून करंट जावा लागेल. हे ऐकल्यापासून आईचा तो हात डोळ्यांपुढून जात नाही.

त्यामुळे आरसीसीबीवरचा आरोप मागे घेतो, ती चांगली आहे. राग आहे तो सोबतच्या कागदावर. त्यात छापलंय, "बटण दाबून सुरक्षितता तपासा." अर्थिंगबद्दल अवाक्षर नाही. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर काही शेकड्यांत मिळतो, हजारोंच्या सेटमध्ये तो घातलेला नाही. पै-पै बघून खर्च करणाऱ्या माझ्यासारख्याला हे फार लागलं. मीही टेस्टर ऑगस्टमध्ये घेतला, तेव्हापासून तीन ठिकाणी अर्थिंगचा दिवा लागला नाही.

टेस्टरलाही फसवता येतं. काही जण बोर्डातच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तार मारतात. दिवे बरोबर लागतात, पण मागे न्यूट्रल तुटला की सगळी बॉडी फेजवर. म्हणून मी यजमानांना अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते विचारतो. बहुतेक जण हौसेने दाखवतात.

रीलबद्दल एवढंच, की ती पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेल्या रीलवर इंडक्शन लावला तेव्हा आतले वेढे चांगलेच तापले होते. जोडताना आधी व्हॅनचं टोक, मग बोर्डाचं. काढताना आधी बोर्डाचं.

टेस्टर आता रीलच्या मुठीला सुतळीने बांधलाय. अर्थिंगचा दिवा नाही लागला, तर रात्र बॅटरीवर काढतो आणि फ्रिज बंद.