नोटा की दगडापेक्षा वीट मऊ?

‘सगळे एकाच माळेचे मणी’ म्हणणाऱ्या मतदारापुढे मशीनवर दोन वाटा असतात. एक शेवटचं नोटाचं, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’चं बटण, दुसरी त्यातल्या त्यात बरा उमेदवार.

नोटा आला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालामुळे. त्याआधी कुणालाच मत द्यायचं नसेल, तर केंद्रावरच्या अधिकाऱ्याला तसं सांगून रजिस्टरमध्ये नोंद करावी लागे. म्हणजे गुप्तता गेलीच. आता नाराजी निर्धास्तपणे नोंदवता येते आणि आपल्या नावावर बोगस मतही पडत नाही. पण आमदार-खासदारकीला नोटा पहिला आला, तरी त्याच्याखालचा उमेदवारच जिंकतो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणला नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, मतं २७ हजारांवर. निकालाला धक्काही लागला नाही.

आता मुंबई वायव्य, २०२४. खासदार ठरला अवघ्या ४८ मतांनी आणि नोटाला पडली होती १५ हजारांवर मतं! एवढ्या लोकांनी निवड इतरांवर सोडली, हे मला खरोखर सलतं.

म्हणून माझा कौल विटेला. मात्र ती पारखून घ्यावी लागते. निवडणूक आयोगाच्या साइटवर उमेदवाराचं शपथपत्र असतं. त्यात नुसता गुन्ह्यांचा आकडा पाहू नका, कलमं वाचा: आंदोलनातला जमावबंदीचा भंग आणि खंडणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मागच्या शपथपत्रातली मालमत्ताही शेजारी ठेवून बघा. सगळेच खंडणीवाले निघाले, तर नोटा दाबायला माझी हरकत नाही.