दादरच्या पुलावरचा तोतया टीसी

रोजच्या पासवाल्यांच्या वाटेला हा माणूस जात नाही. हातात कागदी तिकीट, पाठीला सॅक आणि मान वर करून पाट्या वाचणारा कुणी दिसला की बरोबर हेरतो. मी कल्याणहून आलो होतो, पश्चिमेची लोकल पकडायची होती. पांढरा शर्ट, काळा कोट, हातात पावतीपुस्तकासारखं काहीतरी. "तिकीट बघू."

तिकीट दिलं. त्याने ते उजेडाकडे धरलं, छापलेल्या वेळेवर नख ठेवलं. "10.05 चं आहे. आता साडेअकरा वाजले. लोकलचं तिकीट तासभर चालतं, माहीत नाही का?"

खरी मेख इथेच आहे. एक तासाचा नियम खोटा नाही, म्हणून तर माणूस गडबडतो. पण तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो, संपवायचा नव्हे. मी गाडीत चढलो तेव्हा अकराही वाजले नव्हते, पुढे गाडी रखडली. अहो, कसाऱ्याहून सीएसएमटीला यायलाच दोन तासांच्या वर लागतात! तासात तिकीट संपत असतं तर तिकडच्या लोकांनी ठाण्याला उतरून पुन्हा रांग लावायची काय? हे सगळं मला सुचलं ते बोरिवलीच्या गाडीत बसल्यावर.

तिथे मात्र तो बोलत होता आणि मी ऐकत होतो. बाराशे दंड, नाहीतर कोर्ट, संध्याकाळपर्यंत बसावं लागेल. मागून गर्दी ढकलतेय, लोक वळून बघतायत. मग एकदम आवाज खाली आणून, "जाऊ द्या, पाचशे द्या." मोबाईलवरचा क्यूआर पुढे केला. स्कॅन केल्यावर नाव आलं ते रेल्वेचं नव्हे, कुणा बाईचं. पावती मागितली तर म्हणे मेसेज येईल. मेसेज आला, पण माझ्याच बँकेचा, पैसे कापल्याचा.

विनातिकीट प्रवासाचा दंड रेल्वे कायदा 1989 च्या कलम 138 खाली ठरतो. भाडं आणि वर किमान 250 रुपये. सेकंड क्लासच्या लोकल प्रवासाला हे सगळं मिळून तीनशेच्या आसपासच जातं. बाराशेचा आकडा ऐकलात की तिथेच थांबा. आयकार्ड मागा, नाव वाचा. अडून बसला तर, "चला, टीसी ऑफिसमध्ये भरतो," म्हणा आणि चालू लागा. खरा टीसी बरोबर येईल, कारण त्याला पावती फाडायचीच असते. तोतया गर्दीत विरघळतो.

पैसे गेलेच असतील तर आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. रेल्वेची हेल्पलाइन 139. फलाटावरच्या आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला सांगितलं तर तो लोहमार्ग पोलिसांकडे पाठवतो. टोलवाटोलवी वाटते, पण फसवणुकीचा गुन्हा तिथेच नोंदवला जातो.

लोहमार्ग पोलीस ठाण्यात मला पहिला प्रश्न आला, "तिकीट कुठाय?" ते त्यानेच ठेवून घेतलं होतं. कल्याणला मशीनवर यूपीआयने पैसे भरले होते, म्हणून निदान वेळेचा पुरावा निघाला. रोखीने तिकीट काढत असाल तर खिडकीपासून बाजूला होताच त्याचा फोटो काढून ठेवा.