न झालेल्या उड्डाणाला चार तारे

कामशेतजवळच्या एका पॅराग्लायडिंग संस्थेकडे आम्ही दोघांनी एप्रिलमध्ये टँडम (म्हणजे प्रशिक्षकासोबत एकाच पॅराग्लायडरवरून करायच्या) उड्डाणाची नोंदणी केली होती. उड्डाण झाले नाही, तरीही मी संस्थेला पाचपैकी चार तारे देत आहे.

आम्ही जिथून उडणार होतो त्या टॉवर हिल या डोंगराचा उतार पश्चिमेकडे असल्यामुळे तिथले उड्डाण दुपारनंतर समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यावर अवलंबून असते. चारच्या सुमारास वाऱ्याचा वेग मोजणारा मीटर ताशी १४ ते १८ किलोमीटर दाखवत होता आणि माझ्या हार्नेसचे पट्टेही आवळून झाले होते. थोड्याच वेळात आकडा ६ वर आला आणि काठीला बांधलेली रिबन लुळी पडली. वारा पडला म्हणजे धोका कमी झाला, असा माझा समज झाला. प्रशिक्षकांनी मात्र एका मुलाला माथ्यावर पाठवून पूर्वेकडे पाहून यायला सांगितले. आम्हाला डोंगराआडून न दिसणारा, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग तिकडे वर चढत होता. वळिवाच्या ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवरून कित्येक किलोमीटर पसरते, ती पूर्वेकडून आली की पश्चिमेचा वारा आधी थांबतो, मग उलटतो आणि आमच्या उतारावर भोवरे तयार होतात, हे त्यांनी मातीत रेघा ओढून समजावले. विंग, म्हणजे पॅराग्लायडरचा कापडी पंख, गुंडाळून होते न होते तोच रिबन समुद्राच्या दिशेने फडफडू लागली.

तिथे पावसाचा थेंबही पडला नाही, त्यामुळे मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी पेट्रोल आणि टोलचा हिशेब मांडत बराच वाद घातला. (मनातून मीही थोडी त्यांच्याच बाजूने होते.) "साहेब, ढग इथवर यायची गरज नसते, त्याचा वारा पुरतो," एवढेच उत्तर त्यांना शांतपणे मिळाले.

पाचवा तारा कापला आहे तो पैशांच्या व्यवहारासाठी. हवामानामुळे उड्डाण रद्द झाल्यास पैसे परत मिळत नाहीत, फक्त दुसरी तारीख मिळते आणि तीही मेअखेरपर्यंतचीच, ही अट आम्हाला डोंगरावर पोहोचल्यावर कळली. पावसाळ्यात उड्डाणे बंद असतात आणि एप्रिल-मेमध्ये वळिवाचे ढग कधीही उठू शकतात, तेव्हा अशी मुदत घालणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय पैसे बुडण्याच्या भीतीने ग्राहक उड्डाणासाठी हट्ट धरतात आणि त्याचा ताण वाऱ्याचा निर्णय घेणाऱ्या माणसावरच येतो. फोनवर दोनदा बोलल्यानंतर आम्हाला नोव्हेंबरमधली तारीख मिळाली; तुम्ही नोंदणी करतानाच ती मुदत लेखी वाढवून घ्या.