लिस्टमध्ये नाव नाही : गोव्यातलंच दुसरं कॉलेज, सावंतवाडी-बेळगाव की इग्नू?

गोवा बोर्डाचा बारावीचा निकाल हल्ली लवकर लागतो, २०२५ ला तर २७ मार्चलाच लागला, महाराष्ट्राचा त्या वर्षी ५ मेला आणि सीबीएसईचा १३ मेला. म्हणजे आपली पोरं आधी मोकळी, आणि लिस्टा लागेपर्यंत सीबीएसईवालेही लायनीत. मग मिरामारच्या धेंपे कॉलेजात नाव नाही, मडगावच्या चौगुलेत नाही, म्हापशाच्या झेवियर्सला वेटिंग, आणि घरात सगळ्यांचे सल्ले सुरू.

माझं मत आधीच सांगते. साधं बीए, बीकॉम, बीएस्सी करायचं असेल तर गोव्यातच रहा, कॉलेजचं नाव सोडा पण मेजर, म्हणजे मुख्य विषय, सोडू नका. मिरामारला शिका नाहीतर साखळीच्या गव्हर्मेंट कॉलेजात, डिग्री गोवा युनिव्हर्सिटीचीच. चौगुले ऑटोनॉमस (स्वायत्त) आहे, अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या ते बघतात, पण डिग्रीवर नाव युनिव्हर्सिटीचंच येतं. मेजरचं तसं नाही. २०२३-२४ पासून चार वर्षांचा नवा पॅटर्न आलाय (तीन वर्षांनी बाहेर पडता येतं), त्यात मेजर काय घेतलं यावरच पुढचं सगळं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात पहिल्या वर्षानंतर मेजर बदलायची मुभा आहे, पण तीही त्या विषयात जागा असेल तर, म्हणून 'आत्ता मिळतंय ते घे, मागाहून बदलू' या भरवशावर ॲडमिशन घेऊ नका.

आणि वेटिंग म्हणजे संपलं असं अजिबात नाही. बीएस्सीला फी भरून बसलेली कितीतरी पोरं खरं तर इंजिनीअरिंग, फार्मसी नाहीतर नीटची वाट बघत असतात, तिकडचे राउंड झाले की ही नावं काढून घेतात आणि सीटा सुटतात. भाचीच्या वेळी हेच झालं. ऑफिसच्या काचेला चिकटवलेल्या वेटिंग लिस्टवर पेनाने नावं खोडलेली, बाजूला हाताने लिहिलेलं 'कॅन्सल', आणि आतला क्लार्क म्हणतो उद्या सकाळी ओरिजिनल घेऊन या, दुपारपर्यंत आला नाहीत तर पुढचा नंबर. रहिवासी दाखला मामलेदार कचेरीत अडकला असता तर गेलीच होती ती सीट. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा तो दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवा हो, जूनमध्ये तिकडे सगळा तालुका उभा असतो.

बसचा रस्ता पण बघा. वाळपईच्या पोरीला मिरामार म्हणजे आधी पणजी स्टँड, तिथून दुसरी बस, आणि प्रॅक्टिकल असलं की घरी यायला काळोख. साखळी त्यामानाने अंगणात. फोंड्याकडच्यांना फर्मागुढीचं कॉलेज आहे, खांडोळ्याचं गव्हर्मेंट आहे, पेडण्यात विर्नोड्याला आहे. कदंब बसचा पास काढला की महिन्याचा खर्च आटोक्यात राहतो.

आता सीमेपलीकडचं. पेडण्याच्या लोकांना सावंतवाडी खरंच जवळ, तिथलं पंचम खेमराज कॉलेज मुंबई युनिव्हर्सिटीखाली येतं, मराठीत शिकायचं वातावरण आहे, शिवाय तिकडचा निकाल उशिरा म्हणून ॲडमिशनही उशिरापर्यंत चालतात, हा एक मोठाच फायदा. पण बोर्ड वेगळं, म्हणजे पर्वरीच्या गोवा बोर्डातून मायग्रेशन सर्टिफिकेट काढा, तिकडे एलिजिबिलिटी (पात्रता तपासणी) करा, ते सगळं आलंच. बेळगावचं म्हणाल तर आरपीडी, गोगटे ही जुनी चांगली कॉलेजं, पण पावसात चोर्ला घाटाने रोज ये-जा कोणी करत नाही, म्हणजे रूम, मेस, डिपॉझिट. आणि इंजिनीअरिंगसाठी तिकडे मॅनेजमेंट सीट देतो म्हणून एजंट फोन करतात त्यांच्यापासून चार हात लांबच रहा, आधी कॉलेजात स्वतः जाऊन फी लेखी घ्या. बेळगाव मी तरी तेव्हाच म्हणेन जेव्हा हवा तो कोर्स गोव्यात नाहीच किंवा तिथे नातेवाईकांकडे राहायची सोय आहे.

इग्नूला, म्हणजे घरबसल्या शिकवणाऱ्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाला, लोक उगाच नाक मुरडतात. जुलै आणि जानेवारी अशी दोनदा ॲडमिशन, फी कमी, असाइनमेंट आणि जून-डिसेंबरच्या परीक्षा, पणजीचं रीजनल सेंटर आहेच. दुकान सांभाळणाऱ्या, नोकरी धरलेल्या नाहीतर स्पर्धा परीक्षा करणाऱ्या मुलांना झकास. लॅबचे विषय असतील तर मात्र मन घट्ट करून नाही म्हणा. आणि अठरा वर्षांचा मुलगा घरी बसून आपणहून असाइनमेंट लिहील का, हे त्याच्या आईला विचारा, त्याला नको. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन डिग्र्यांना परवानगी दिलीय, तेव्हा गोव्यात बीकॉम आणि सोबत इग्नूचं काही, असंही जमू शकतं.

एक गोष्ट पैशांची. वेटिंग हलेपर्यंत एका कॉलेजात फी भरून ठेवायला घाबरू नका. २०२४-२५ साठी यूजीसीने सांगितलं होतं की ३० सप्टेंबरपर्यंत नाव काढलं तर पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत काढलं तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापायचे. चालू वर्षाचं सर्क्युलर यूजीसीच्या साइटवर बघा, त्याची प्रिंट जवळ ठेवा. ओरिजिनल कागद कॉलेजने ठेवून घ्यायचे नाहीत हाही यूजीसीचाच नियम आहे, तपासून झाले की परत मागून घ्या, नाहीतर दुसरीकडून सकाळी फोन आला की मार्कशीट पहिल्या कॉलेजच्या कपाटात.