लेझर मशीनची पॉवर सांभाळायला कोण बरं: लेझरजीआरबीएल, आरडीवर्क्स की लाइटबर्न?

दारावरची नावाची पाटी करायची तर मशीनला दोन कामं असतात: आधी अक्षरं कोरायची, मग कड आरपार कापायची. कोरताना एमडीएफचा वरचा थर तेवढा जळायला हवा, कापताना तळापर्यंत जायला हवं. लेझर एकच, फरक फक्त पॉवर आणि वेगाच्या आकड्यांचा. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मी सगळ्यात आधी ते पॉवर कशी हाताळतं हे पाहतो. डिझाइन काय, कोरलड्रॉ किंवा इंकस्केपमध्येही होतं.

अर्धा निर्णय तुमच्या मशीनचा कंट्रोलरच, म्हणजे मशीन चालवणारा बोर्डच, करून टाकतो. टेबलावर मावणाऱ्या डायोड मशीनमध्ये बहुतेक वेळा जीआरबीएल असतं, काचेच्या सीओटू ट्यूबच्या मोठ्या मशीनमध्ये बऱ्याचदा रुइडा. लेझरजीआरबीएल रुइडावर चालत नाही आणि आरडीवर्क्स जीआरबीएलवर चालत नाही. लाइटबर्न दोन्हीकडे चालतं, पण रुइडासाठी त्याचं वरच्या दर्जाचं, जास्त किमतीचं लायसन्स लागतं.

आधी डायोडवाल्यांचं. लेझरजीआरबीएल फुकट आहे, ओपन सोर्स आहे, फक्त विंडोजवर चालतं. फोटो उघडा, रेषांची घनता, वेग आणि एस-मॅक्स (पॉवरचा कमाल आकडा) भरा, की काम सुरू. लाकडावर फोटो कोरण्यापुरतं मशीन घेतलं असेल, तर मी पैसे खर्च करायला सांगणार नाही. अडचण पाटीसारख्या कामात येते. तिथे कोरण्याची फाइल वेगळी, कापण्याची वेगळी, सहसा दोनदा चालवायची, आणि मधे माल जराही हलता कामा नये. लाइटबर्नमध्ये प्रत्येक रंगाचा लेअर असतो आणि प्रत्येक लेअरला स्वतःची पॉवर, वेग आणि पासची (त्याच रेषेवरून किती वेळा जायचं त्याची) संख्या. काळा लेअर कोरतो, लाल कापतो, क्रमही तुम्हीच लावता. विकण्यासाठी रोज पाट्या, किचेन, ट्रॉफी करणाऱ्याला एवढ्या एका सोयीसाठी लाइटबर्न घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

पण दोन्हींत एक जागा अशी आहे की ती चुकली तर बाकी सगळं सेटिंग वाया. जीआरबीएलमध्ये $३० नावाचं सेटिंग असतं. पूर्ण पॉवर म्हणजे किती आकडा, हे त्यात ठरतं. जीआरबीएल १.१ मध्ये ते मुळात १००० असतं. सॉफ्टवेअरने २५५ हीच कमाल धरली असेल, तर तुम्ही १०० टक्के लिहूनही लेझर साधारण पाव ताकदीवरच चालतो. कट होत नाही आणि माणूस मशीनला दोष देत बसतो. उलटं झालं, म्हणजे मशीनमध्ये २५५ आणि सॉफ्टवेअरमध्ये १०००, तर २५ टक्क्यांच्या पुढे सगळीकडे पूर्ण पॉवर; फोटोतल्या करड्या छटा जाऊन नुसता कोळसा उरतो. लाइटबर्नमध्ये हा आकडा डिव्हाइस सेटिंगमध्ये एकदाच जुळवायचा असतो. लेझरजीआरबीएलमध्ये तो आयातीच्या खिडकीतला एस-मॅक्स, तेव्हा प्रत्येक फाइलला तिकडे लक्ष हवं.

दुसरी गोष्ट एम३ आणि एम४ ची, म्हणजे जीआरबीएलमध्ये लेझर चालू करण्याच्या दोन आज्ञांची. एम३ मध्ये पॉवर कायम एकसारखी राहते. चौकोनाच्या कोपऱ्यावर हेड वेग कमी करतं, पॉवर मात्र तेवढीच, म्हणून कोपरे काळे पडतात. एम४ मध्ये वेग उतरला की पॉवरही त्याच प्रमाणात उतरते. कोरीव कामाला एम४ च घ्या. त्यासाठी मशीनमध्ये $३२ ची किंमत १ असावी लागते. कापताना मात्र बारीक वळणांवर एम४ ने कधी कधी कट अर्धवट राहतो, तिथे एम३ उपयोगी पडतं. लेझरजीआरबीएल दोन्हींतला पर्याय फाइल आयात करताना विचारतं. लाइटबर्नमध्ये तो लेअरगणिक बदलता येतो, म्हणजे एकाच जॉबमध्ये अक्षरं एम४ ने आणि कड एम३ ने.

आता रुइडा. आरडीवर्क्स बहुतेक वेळा मशीनसोबत फुकटच मिळतं, फक्त विंडोजवर. दिसायला जुनाट, भाषांतर कच्चं, तरी पॉवरच्या बाबतीत ते कुठेही कमी नाही: रंगावरून लेअर, प्रत्येकाला किमान आणि कमाल पॉवर. हे दोन आकडे नीट समजून घ्या. कमाल पॉवर पूर्ण वेगात वापरली जाते, किमान पॉवर कोपऱ्यांवर, जिथे हेड मंदावतं. कटिंगचा वेग कंट्रोलरमधल्या सुरुवातीच्या वेगापेक्षा कमी ठेवला, तर अख्खा कट किमान पॉवरवरच होतो. समजा तो सुरुवातीचा वेग सेकंदाला १० मिलिमीटर आहे आणि जाड अ‍ॅक्रिलिक तुम्ही ८ ने कापताय; कमाल ६५, किमान १५. मग कमालचा आकडा कितीही वाढवा, कट होणार १५ वरच. अशा संथ कामात दोन्ही रकान्यांत एकच आकडा भरावा. कोरतानाही, ग्रेस्केल (छटेनुसार बदलती पॉवर) किंवा उतार (तिरकी कोरलेली कड) नसेल तर, दोन्ही सारखेच ठेवावेत. आणि काचेची ट्यूब साधारण १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली धड पेटत नाही, हे लक्षात ठेवूनच किमान पॉवर ठरवा.

हे गणित लाइटबर्नमध्येही तसंच आहे, कारण ते कंट्रोलरचं आहे. मग लाइटबर्नला पैसे कशाला? मला विचाराल तर मटेरियल लायब्ररी आणि टेस्ट ग्रिडसाठी. वेग आणि पॉवरचे चौकोन ते स्वतः मांडून देतं. टाकाऊ तुकड्यावर एकदा चालवा, पटलेला चौकोन लायब्ररीत ठेवा. कारागीर बदलला तरी ३ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकचे आकडे शाबूत. ठरलेले दोन-चार माल आणि ठरलेला हात असेल, तर आरडीवर्क्सवर खुशाल काम चालवावं.

एका सॉफ्टवेअरचे आकडे दुसऱ्यात नेताना एककं बघा. आरडीवर्क्समध्ये वेग सेकंदाला मिलिमीटर, लेझरजीआरबीएलमध्ये मिनिटाला. सेकंदाला १०० म्हणजे मिनिटाला ६०००. रेषांमधलं अंतर ०.१ वरून ०.०५ मिलिमीटर केलंत, तर तेवढ्याच जागेवर दुप्पट उष्णता पडते, म्हणून पॉवर उतरवावी लागते.

मूळ बोर्ड असलेल्या के४० (स्वस्तातलं छोटं सीओटू मशीन) वाल्यांना यातलं काहीच लागू नाही. त्या बोर्डाला पॉवर बदलता येत नाही. ती मशीनवरच्या बटणाने ठरते. तिथे फुकटचं के४० व्हिस्परर पुरेसं आहे, लाल रेघ कापायला, निळी कोरायला, आणि फरक वेगाने साधायचा.

निळ्या डायोडने पारदर्शक अ‍ॅक्रिलिक कापेल या आशेने सॉफ्टवेअर बदलू नका. तो प्रकाश त्यातून सरळ आरपार जातो. पीव्हीसी तर कुठल्याच मशीनवर चढवू नका, त्यातून निघणारा क्लोरीनयुक्त वायू फुप्फुसं आणि मशीन दोन्ही खातो.

लाइटबर्नचं लायसन्स एकदाच घ्यायचं असतं. वर्षभर अपडेट मिळतात, पुढेही हातातली आवृत्ती चालत राहते. घेण्याआधी ३० दिवस ते फुकट वापरता येतं. त्या दिवसांत नमुन्याची चित्रं नकोत. गिऱ्हाइकाची खरी पाटी घ्या आणि कोरणं-कापणं एकाच जॉबमध्ये करून बघा.